नवसाचा दुसरा भाग

देवाइतका चांगला प्रेक्षक नाही. चाळीस वर्षांच्या अनुभवावरून सांगतो. देव शिट्ट्या मारत नाही, भोपळ्याच्या बिया सोलून टरफलं पुढच्याच्या मानेवर टाकत नाही, मध्येच उठून लघवीला जात नाही, आणि पिक्चर कितीही रद्दी असला तरी जाब विचारायला मशीनपाशी येत नाही. आमच्याकडे नवस फेडायला पिक्चर दाखवतात. लॉटरी लागली, दाखव पिक्चर. सुनेला मूल झालं, दाखव पिक्चर. देवळासमोर पडदा बांधायचा, पहिल्या रांगेत देवासाठी एक खुर्ची रिकामी सोडायची, तिच्याशेजारी लाल सरबताची बाटली स्ट्रॉ घालून ठेवायची, माइकवरून नवस फेडणाऱ्याचं नाव पुकारायचं आणि मशीन चालू करायचं. माणसं आली तर आली. एका रिकाम्या खुर्चीला आणि दोन कुत्र्यांना मी तीन-तीन तास मारामारी दाखवलेली आहे. कुत्री मध्यंतरालाच गेली.

माझं नाव सनित. पण सगळं बांग नोक गाव मला 'लुंग', म्हणजे काका, म्हणतं, माझ्यापेक्षा म्हाताऱ्या बायकासुद्धा. त्यांना वाटतं काका म्हटलं की आपलं वय कमी होतं.

तर एका गुरुवारी लामदुआन माझ्या दारात आली. ती कालव्यात होडीतून नूडल्स विकते. नवरा जाऊन बारा वर्षं झाली, एकुलता एक मुलगा चात. मागच्या वर्षी चातची सैन्यभरतीची सोडत होती. मडक्यात हात घालायचा, लाल चिठ्ठी आली तर दोन वर्षं बंदूक, काळी आली तर घर. आदल्या दिवशी लामदुआनने कालव्याच्या तोंडावरच्या देवळातल्या चाओ पो देवाला नवस बोलला होता, पोराला काळी चिठ्ठी दे, तुला 'कोरड्या खाडीचा वाघ' दाखवीन. चातला काळी आली. आणि वर्ष उलटलं तरी नवस तसाच राहिला, कारण तो जुना पिक्चर कुठे मिळेना.

चाओ पोने मग आठवण करून द्यायला सुरुवात केली. निदान लामदुआनचं म्हणणं तसं होतं. चात मोटरसायकलसकट कालव्यात पडला. दोनदा. मग त्याला कुत्रं चावलं. मग अपेंडिक्स काढावं लागलं. मी म्हटलं, "अगं, तो दारू पिऊन गाडी चालवतो." ती म्हणाली, "दारू पिऊन सगळेच चालवतात, लुंग. पडतो एकटा चात."



आता चातला तैवानला स्क्रूच्या कारखान्यात काम मिळालं होतं. तीन वर्षांचं. सोमवारी पहाटे निघायचं होतं, आणि त्याचा पासपोर्ट त्याच्या आईने तांदळाच्या डब्यात पुरून ठेवला होता. नवस फिटला नाही तर पासपोर्ट नाही. "आत्ता कालव्यात पडतो तेव्हा मी काढते," ती म्हणाली. "तिकडे समुद्रापलीकडे कोण काढेल? तुमच्याकडे पिक्चर असेल, लुंग. तुम्हीच तर आणला होता पहिल्यांदा."

मी माळ्यावरचे डबे काढले. झाकण उघडलं तर व्हिनेगरचा भपकारा. फिल्म आंबून, वाळवलेल्या माकुळासारखी वाकडी झालेली. मशीनमध्ये घातली असती तर भुगा झाला असता.

"मिळेल तर दुसरा भाग मिळेल," मी म्हटलं. "बँकॉकात एकाकडे आहे. पण तो... बरा नाही म्हणतात."

तिने वाकड्या फिल्मला बोट लावून पाहिलं. मग म्हणाली, "तुम्ही स्वतः येणार ना पण?"

"मशीन काय माझं भूत चालवणार?"

"तसं नाही. बोलणार ना?"

"आता पिक्चर आपापले बोलतात, लामदुआन. मी नुसतं बटण दाबतो."

ती मान हलवून गेली.

आता माझं पाप सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

तीस वर्षांपूर्वी मी औषधवाल्यांच्या गाडीबरोबर गावोगाव हिंडायचो. जंताची पावडर आणि बाम विकायचा, आणि लोक जमावेत म्हणून फुकट पिक्चर दाखवायचा. ते पिक्चर मुके असायचे. आम्ही बोलणारे माइक घेऊन बसायचो आणि सगळ्यांचे आवाज काढायचो, नायक, नायिका, फौजदार, घोडा. आईचा आवाज माझ्यासारखा कुणाचा नव्हता. माझी आई रडली की बांग नोकचे गडी खांद्यावरच्या पंच्याने डोळे पुसायचे आणि लगेच जंताची पावडर घ्यायचे. त्यांचा काय संबंध लावायचे कुणास ठाऊक.

'कोरड्या खाडीचा वाघ' तेव्हाचा. वाघ म्हणजे दरोडेखोर. चांगल्या घरचा, आईवेडा, परिस्थितीने बिघडलेला, नेहमीचं. शेवटी तो फौजदाराला हुलकावणी देऊन पहाटे आईच्या घराकडे येतो, आणि जिन्याच्या पहिल्या पायरीवर पोलीस त्याला गोळी घालतात. माझ्याकडच्या कागदात तसं लिहिलेलं होतं. पण बांग नोकला येताना तराफ्यावरून शेवटच्या रिळाचा डबा नदीत पडला. दोन बुडबुडे आले, संपला विषय.

त्या दिवशी पडद्यावर वाघाचा पाय पायरीपाशी आला आणि फिल्म संपली. तीनशे माणसं श्वास धरून बसलेली. औषधवाला मला चिमटे काढत होता. मी दिवा घालवला आणि अंधारात आईच्या आवाजात म्हटलं, "आलास? आधी पाय धू. भात गरम आहे."

 मग अख्खं मैदान हंबरडा फोडून रडलं. त्या दिवशी जंताची पावडर संपली.

तेव्हापासून ते वाक्य बांग नोकचं झालं. जुगारात हरून आलेल्या नवऱ्याला, भिक्षूचं चीवर उतरवून घरी परतलेल्या पोराला, चार दिवसांनी उगवलेल्या बोक्याला, सगळ्यांना तेच. आलास? आधी पाय धू. भात गरम आहे.

आणि दोन वर्षांनी या पिक्चरचा दुसरा भाग निघाला.

माझी पाचावर धारण बसली. पुढचा भाग म्हणजे मागचं उकरणं आलंच. मग मी एक उद्योग केला. जिथे जाईन तिथे सांगत सुटलो, "दुसरा भाग? थू! पहिल्याच्या नखाची सर नाही." मी तो पाहिला नव्हता. कुणीच पाहिला नव्हता. पण मत द्यायला पिक्चर पाहावाच लागतो असं थोडंच आहे? आमच्या शाळेचे प्रमोत मास्तर एका वहीत पिक्चरना दहापैकी गुण द्यायचे. पहिल्या भागाला त्यांनी दहा दिले होते. आयुष्यात दिलेले तेवढेच दहा. दुसऱ्या भागाला माझ्या शब्दावर तीन दिले. ते तीन ऐकून तालुक्याच्या थिएटरवाल्याने तो आणलाच नाही. अशी तीस वर्षं अख्ख्या गावाची खात्री होती, की न पाहिलेला तो पिक्चर अगदी टाकाऊ आहे.

शनिवारी सकाळी देवळात बैठक भरली. भाग दोन दाखवला तर नवस फिटतो का?

"अजिबात नाही," प्रमोत मास्तर म्हणाले. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली तरी वही काखेत होतीच. "पहिला भाग म्हणजे सख्खी आई, दुसरा म्हणजे सावत्र. नवसाला डुकराचं मुंडकं बोलायचं आणि नैवेद्याला शेपूट ठेवायची, असं होईल ते. मी वहीत दाखवतो. सत्तावीस दुसरे भाग पाहिले, एकालाही चारच्या वर नाहीत."

"आणि हा?" चातने विचारलं. तो देवळाच्या पायरीवर बसून नखं कुरतडत होता. "हा पाहिलाय का मास्तर तुम्ही?"

"यालाही तीन आहेत."

"पाहिलाय का?"

"चात, मोठ्यांना उलट बोलू नये."

देवळाची देखभाल जे हुआय नावाची म्हातारी करते. वय पंच्याऐंशी, दात दोन, आणि चाओ पोशी तिचं बोलणं शेजारणीशी बोलावं तसं. ती म्हणाली, "तुम्ही कशाला भांडताय? ज्याला बघायचाय त्यालाच विचारू." तिने लाकडाच्या दोन चंद्रकोरी काढल्या, एका बाजूने सपाट, दुसऱ्या बाजूने फुगीर. एक सपाट आणि एक फुगीर पडली तर हो. दोन्ही फुगीर पडल्या तर नाही. दोन्ही सपाट म्हणजे देव हसला, परत विचारा.

"चाओ पो," ती ओरडली, देव तिच्याइतकाच बहिरा असल्यासारखी, "भाग दोन चालेल का?"

टाकल्या. दोन्ही सपाट. परत टाकल्या. दोन्ही सपाट. तिसऱ्यांदाही तेच.

"हसतोय," जे हुआय म्हणाली. "म्हणतो, आधी दाखवा तर खरं. न बघता गुण द्यायला मी काय मास्तर आहे?"

शेवटचं वाक्य चाओ पोचं होतं की जे हुआयचं, ते कुणी विचारलं नाही. ठरलं असं, की संध्याकाळी पिक्चर दाखवायचा, संपल्यावर परत कौल लावायचा. हो आला तर पासपोर्ट. नाही आला तर चात बांग नोकमध्येच राहून कालव्यात पडत राहणार.

डबे दुपारच्या बसने आले. आधी लावून पाहायला वेळच नव्हता. दिवस मावळता मावळता पडदा बांधला, चाओ पोची खुर्ची मांडली, जे हुआयने उदबत्त्या लावल्या. गाव झाडून आलं होतं. टाकाऊ पिक्चर किती टाकाऊ आहे ते बघायला लोक जास्तच उत्साहाने येतात. लामदुआन चाओ पोच्या खुर्चीशेजारी, तिच्या बाजूला चात. मी माइकवर तिचं नाव पुकारलं आणि मशीन सोडलं.

पाटी आली. आणि पाटीनंतर, मागच्या भागात काय झालं ते.

पहाट. आईचं घर. वाघाचा पाय पायरीवर. नदीत बुडालेलं माझं रीळ तीस वर्षांनी रंगीत होऊन वर आलं होतं. धाड धाड धाड. वाघ आईच्या जिन्यावर कोसळला, आईने किंकाळी फोडली.

बांग नोकमध्ये असा गोंधळ मी तीन निवडणुकांत पाहिला नाही.

"अरे, याला कसं मारलं? हा जेवायला बसला होता!"

"भात खाल्ला त्याने! मी स्वतः होतो तिथे!"

"भामटे आहेत हे बँकॉकवाले! आपलं आपणच बदलतात!"

प्रमोत मास्तर उभे राहून वही नाचवत होते. "सांगत होतो ना! तीन होते, आता शून्य! मूळ कथेशी बेइमानी! पहिल्या भागाचा तो शेवट, तो संयम, काही न दाखवता सगळं दाखवणं..."

मी मशीन थांबवलं. लामदुआन वळून माझ्याकडे बघत होती, चातच्या शर्टाची बाही तिने मुठीत धरली होती. आईच्या दारात मेलेला पोरगा मी तिच्या नवसात देवापुढे आणून टाकला होता. मला आयुष्यात इतकी लाज वाटली नव्हती.

मी माइक उचलला. "मास्तर, बसा खाली. तो संयम नदीत पडला होता." आणि सगळं सांगितलं. तराफा, डबा, दोन बुडबुडे, औषधवाल्याचे चिमटे. "पहिल्या भागात तो मेलाच होता. भात मी घातला. आणि दुसऱ्या भागाला नावं ठेवली ती माझी चोरी झाकायला. तीस वर्षं तुम्ही एका न पाहिलेल्या पिक्चरला शिव्या दिल्यात, त्या माझ्या वाट्याच्या होत्या."

 प्रमोत मास्तर हळूच खाली बसले. त्यांनी वहीचं जुनं पान उघडलं आणि त्या दहाकडे बघत राहिले. मला वाटलं आता चप्पल येणार. आलीच एक, पण पडद्याला लागली.

तेवढ्यात लामदुआन उठली.

"मला माहीत होतं," ती म्हणाली.

"काय माहीत होतं?"

"तो मेला ते. मावशीने मला राचबुरी शहरात तो पिक्चर दाखवायला नेलं होतं, तुमच्या आधी महिनाभर. चौदा वर्षांची होते मी. दोन दिवस जेवले नाही. मग तुम्ही इथे आलात. मी तोंडावर पंचा घेऊन बसले होते, आता मरणार, आता मरणार. आणि तुम्ही त्याला मरू दिलं नाहीत." तिने चातची बाही सोडली नव्हती. "दोन्ही शेवट मला माहीत आहेत, लुंग. पोराच्या नवसाला मी कुठला बोलले असेन? चाओ पोला मी म्हटलं होतं, 'कोरड्या खाडीचा वाघ', लुंग सनित बोलतात तो. जे हुआय, तू होतीस ना?"

"होते," जे हुआय म्हणाली. "मला ऐकू आलं नाही, पण होते."

"मग बोला की आता! बटण दाबायला का तुम्हाला बोलावलंय?"

अडुसष्टावं वर्ष, खालचे चार दात गेलेले, हातात कागद नाही, आणि पिक्चर पहिल्यांदाच बघतोय. मी आवाजाचं बटण शून्यावर आणलं, फिल्म परत गुंडाळली आणि मशीन सोडलं.

धाड धाड धाड. वाघ कोसळला. आई धावली, डोकं मांडीवर घेतलं. आणि माझ्या तोंडातून आई बाहेर आली, जराशी फाटकी, पण आली. "किती वाळलास रे! अगं बाई, उपाशीपोटी चक्कर आली पोराला. पोलिसांचे नेम कायम तिसरीकडेच! सगळ्या गोळ्या माझ्या रांजणाला लागल्या. उठ, पाय धू, भात गरम आहे."

मैदानात हशा पिकला. पुढच्याच दृश्यात शवपेटी आणि भिक्षूंची रांग. पेटीला अग्नी देताना आई छाती पिटत होती. "रडा रे रडा," मी आईच्या आवाजात कुजबुजलो, "फौजदार बघतोय. पेटीत शहाळी भरलीत, पण रडा." लोक आडवे पडायला लागले. मग आला जुळा भाऊ, तोच नट, मिशी लावून, सूड घ्यायला. मी त्याला जुळा होऊच दिला नाही. "आई, मिशी कशी दिसते?" "झाडूसारखी. पण पोलिसांना पुरेल."

असं दीड तास चाललं. ज्या जागी खरा पिक्चर काय म्हणत असेल ते मला कळलं नाही, तिथे मी घोड्याला बोलायला लावलं. माझ्या मते मूळ दुसरा भाग अगदीच वाईट नसावा. पण त्याचं काय करायचं, आम्हाला तो परवडणारा नव्हता.

शेवटाला मात्र मी अडकलो. शेवटच्या दृश्यात मिशीवाला होडीत बसून दूर निघून जातो आणि आई धक्क्यावर उभी राहते. बघते. होडी लहान होत जाते. त्याला परत कसा फिरवू? होडी पलीकडेच चालली होती. आई म्हणून काहीतरी बोलायचं होतं, तोंड उघडलं आणि काही आलंच नाही. पुढे लामदुआनची पाठ दिसत होती, ताठ. मशीनची खरखर तेवढी चालू राहिली आणि पडदा पांढरा झाला.

जे हुआयने चंद्रकोरी टाकल्या. एक सपाट, एक फुगीर. पहिल्याच फेकीत.

"म्हणतो, चालेल," ती म्हणाली. "म्हणतो, घोडा जरा कमी बोलला असता तरी चाललं असतं."

जाताना प्रमोत मास्तर माझ्यापाशी थांबले. वहीत नवा आकडा होता, नऊ. "एक गुण कापला," ते म्हणाले. "शेवट अपुरा आहे, सनित. आई काहीतरी बोलायला हवी होती."

"माहीत आहे, मास्तर."

"आणि पहिल्याचे दहा मी खोडत नाही. पण बनवणाऱ्याचं नाव बदलतोय."

सोमवारी उजाडायच्या सुमाराला मी पुलापाशी गेलो. म्हटलं पोराला निरोप द्यावा. व्हॅन उभी होती. चातच्या पाठीवर पिशवी, हातात पासपोर्ट, पासपोर्टाच्या घड्यांत अजून तांदळाचे दाणे. लामदुआन त्याच्या शर्टाची कॉलर नीट करत होती, झालेली परत करत होती. बोलत काहीच नव्हती. मला कळत होतं, परवा माझं झालं तेच तिचं झालं होतं.

ड्रायव्हरने हॉर्न दिला. चात आत बसला, दार ओढलं. मग काच खाली केली.

"आई," तो म्हणाला, "भात गरम ठेव."

लामदुआनने नाक पुसलं.

"आधी पाय धुवायचे," ती म्हणाली.